सात हजारांच्या वर

दादा : म्हणजे माझ्या हातून बिघडलंय, असं म्हणायचंय तुला.

मास्तरीण : तसं नाही म्हटलं मी, काका.

दादा : मग कसं म्हटलंस? भर सोमवारी शाळेला दांडी मारून, दोन बस बदलून आलीस, ती काय माझी तब्येत विचारायला?

मास्तरीण : दांडी नाही, अर्धी रजा टाकलीये. आणि तब्येतही विचारणार होते. तुम्ही दार उघडल्या उघडल्या सुरू झालात.

धाकटी : दादा, तिला आधी बसू तर दे. घे गं, पाणी घे.

दादा : बसू दे की. मी काय अंगठे धरून उभी केलीये तिला? मास्तरीण ती आहे, मी नाही.

मास्तरीण : ताई, मी खरंच भांडायला नाही आले. यांच्या जुन्या गाण्याचा माझा रिमिक्स मी यांना दिला, तेव्हा त्यातल्या झांजा लांब होत्या. शेजारच्या गल्लीतून कुणीतरी चालत जावं, तेवढ्या लांब. काकांचा शेवटचा हात फिरून फाइल परत आली, तर त्या थेट कानाशी येऊन बसलेल्या.

दादा : शेवटचा हात त्यासाठीच असतो. गाळात बसलेलं वर काढायला.

मास्तरीण : परवा एका हॉलमध्ये वाजवला तो. मी होते तिथे. ट्रान्स म्हणजे नाचायचंच संगीत, पण त्यात मधे सगळं थांबतं ना, ठोका जातो, नुसते सूर चढत राहतात, लोक डोळे मिटून उभे असतात. मग ठोका परत येतो. त्या एका क्षणासाठी मी सहा आठवडे घातले होते, काका. ठोका परत आला आणि पुढची माणसं नाचायची सोडून मागे सरकली. एकीनं कानांवर हात ठेवले.

दादा : हॉलमधले स्पीकर भिकार असतील.

मास्तरीण : असतील. पण आधीचं गाणं नीट वाजलं. नंतरचंही.

दादा : हं.

धाकटी : पत्रंही आलीत, दादा. चौदा डीजेंना आगाऊ फाइली पाठवल्या होत्या आपण. हिचा ट्रान्सवाला रिमिक्स आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा तो प्रोग्रेसिव्ह हाऊसवाला, दोन्ही. नऊ जणांची उत्तरं आली. त्यातल्या सात जणांनी एकच लिहिलंय.

दादा : काय?

धाकटी : की वरचं अंमळ जास्त वाटतंय.

दादा : 'अंमळ' हा तुझा शब्द. त्यांनी काय लिहिलंय?

धाकटी : साधारण तेच.

दादा : मास्तरीणबाई, तू वाच. हिच्या तोंडून कडू शब्द निघणार नाही. शाळेत गणितात नापास झाली, तर घरी येऊन म्हणाली, 'बाईंनी मला पुढच्या वर्षीही बोलावलंय.'

मास्तरीण : वाचू का, ताई? 'काच फुटल्यासारखं.' दुसऱ्यानं लिहिलंय, 'दोन मिनिटांवर ऐकवलं नाही.' आणि हे एक, 'तुमच्या रेकॉर्ड लेबलकडून ही अपेक्षा नव्हती.'

दादा : पुरे.

मास्तरीण : मी तरी म्हणत होते, ताई वाचतील.

दादा : एकोणीस वर्षं झाली लेबलला. पहिली तबकडी याच गाण्याची होती. गाणं माझं, याच खोलीत केलेलं, भिंतींना गाद्या ठोकून. आता त्याच्याच रिमिक्सच्या झांजा कशा वाजाव्यात, ते मला सात जण कळवणार.

धाकटी : सहाला फाइली द्यायच्यात, दादा. शुक्रवारी विक्रीला निघायचंय. दुकानांना तारीख दिलीये आपण. अजून दीड तास आहे, म्हणून मीच हिला म्हटलं, ये.

दादा : तू बोलावलंस हिला?

धाकटी : मी 'ये' म्हटलं.

दादा : थांबा. थांबा जरा. एक असू शकतं. स्पीकरमधला वरचा भोंगा. छोटा, बारीक आवाजाचा. तो दमला असेल, तर मला वरचं कमी ऐकू येणार आणि मी मूर्खासारखा वाढवत बसणार. डावा गेल्या वर्षी खरखरत होताच.

धाकटी : दादा, ते आत्ता राहू दे ना.

दादा : का राहू दे? चोर सापडतोय तर पकडू नको? कसा तपासायचा तेवढा प्रश्न आहे.

मास्तरीण : माझ्या लॅपटॉपवर आहे, काका. ध्वनीचा धडा आला की वर्गात दाखवते मी. एकच सूर खालून वर चढत जातो, पडद्यावर सेकंदाला किती कंपनं, तो आकडा दिसत राहतो. मुलांना फार आवडतं.

दादा : जोड मग. ती वायर घे, लाल टोकाची.

धाकटी : मी चहा टाकते.

दादा : बस गं, दोन मिनिटांचं काम आहे. चहा कुठे पळून जातोय?

(एक बारीक, सलग सूर सुरू होतो आणि हळूहळू वर चढत जातो.)

दादा : हजार. ठणठणीत. दोन हजार. तीन. चार, बघ कसा स्वच्छ आहे. पाच. सहा. इथे किंचित पातळ झाला. सहा हजार आठशे. सात. गेला! बघितलंत? सात हजारांवर गेला, दोन्हीकडचा. ठार मेलाय.

मास्तरीण : काका—

दादा : अगं, किती महिने डोकं फोडतोय मी! प्रत्येक काम उचललं की वाटतं, यावर कुणी घोंगडी टाकलीये का. वाटलं, हल्लीची पोरंच मेली मातकट करतात. धाकटे, स्पीकरवाल्याला फोन लाव. जोडी लागेल म्हणावं, एकटा बदलून चालत नाही. आणि तू, मास्तरीणबाई, तुझी माफी मागतो. मनापासून मागतो. तुझा रिमिक्स मी खराब केला, पण मुद्दाम नाही केला. यंत्रानं दगा दिला. आजची फाइल हेडफोनवर करू, काय?

मास्तरीण : हो.

दादा : बंद कर आता ते. तोंडं का पडलीत तुमची? काय झालं?

धाकटी : दादा, वाजतोय तो.

दादा : काय वाजतोय?

धाकटी : सूर. थांबलाच नाही तो.

दादा : काहीतरीच काय? कुठून वाजतोय?

धाकटी : दोन्हीकडून. डावीकडूनही.

दादा : आकडा किती आहे आत्ता?

मास्तरीण : अकरा हजार. आता बारा.

दादा : आणि तुला येतोय ऐकू.

मास्तरीण : हो, काका.

दादा : हिला?

धाकटी : मला आत्ता गेला. तेराला.

दादा : पंचावन्नाची आहेस तू.

धाकटी : चोपन्न.

दादा : परत लाव. साडेसहापासून. मी डोळे मिटतो. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवतो.

मास्तरीण : काका, कशाला पुन्हा—

दादा : लाव म्हटलं ना. आणि हळू चढव. वर्गातल्यासारखं भराभरा नको.

मास्तरीण : लावला.

दादा : हं. आहे. आहे. आहे. हा गेला. आता थांबू नकोस, चढवत राहा. मधे एखादी जागा गेलेली असते, पुढे परत येतं. ऐकलंय मी तसं. कुणाचं तरी झालं होतं. कुठवर आलीस?

मास्तरीण : काका.

दादा : कुठवर आलीस, विचारतोय.

मास्तरीण : संपलासुद्धा.

धाकटी : दादा, हात खाली घे.

दादा : हो.

मास्तरीण : ताई, चहा मी टाकते. डबा कुठे असतो?

धाकटी : ओट्यावर. निळ्या झाकणाचा. दूध फडताळात आहे बघ.

मास्तरीण : दार लोटून घेते.

दादा : तुला आश्चर्य नाही वाटलं.

धाकटी : वाटलं ना.

दादा : खोटं बोलू नकोस, जमत नाही तुला. सूर लावायच्या आधीच तू चहाला पळत होतीस. माहीत होतं तुला.

धाकटी : हो.

दादा : कधीपासून?

धाकटी : तू सकाळची रेकॉर्ड बंद केलीस तेव्हापासून.

दादा : तिचा काय संबंध?

धाकटी : सतरा-अठरा वर्षं रोज लावायचास. यंत्रं सुरू करायच्या आधी तीच एक रेकॉर्ड, तिची तीच बाजू, आवाजाचं बटण त्याच खुणेवर. कान सरळ करून घेतो म्हणायचास. भिंतीपलीकडे मी जपाला बसलेली असायचे. तुझी बाजू संपायची आणि माझी माळ संपायची. ताप असो, घरात पाहुणे असोत, चुकलं नाही. मग एका सकाळी माझी माळ संपली आणि भिंतीपलीकडे काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, विचारावं. विचारलं नाही.

दादा : ती झिजली होती. रोज लावून लावून वरचं सगळं उडालं होतं तिचं.

धाकटी : नवी आणून दिली मी. वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं.

दादा : तीही मातकट वाजली. म्हटलं, छापणाऱ्यानंच घाण केलीये. म्हटलं, जाऊ दे, आता कशाला पाहिजे रेकॉर्ड? मला ती पाठ आहे. डोक्यात जशी वाजते तशी बाहेर वाजली पाहिजे, एवढंच. त्या डोक्यातलीशी जुळवत गेलो मी प्रत्येक काम.

धाकटी : डोक्यातली झिजत नाही ना रे.

दादा : नाही. ती वीस वर्षांपूर्वीची, लखलखीत. आणि गंमत बघ. नेम मोडला नसता, तर हे झालंच नसतं. रेकॉर्ड मातकट ऐकू आली असती, तर हातातलं कामही तेवढंच मातकट ठेवलं असतं मी. दोन्ही एकाच कानानं मोजली गेली असती. बहिरा असूनसुद्धा बरोबर केलं असतं. मापच फेकून दिलं मी. तू तुझा जप कधी चुकवला नाहीस. मी चुकवला.

धाकटी : असं बोलू नको.

दादा : पण मग एक कळत नाही. रेकॉर्ड बंद केली त्याला किती झालं?

धाकटी : दीड वर्ष.

दादा : दीड वर्षात तीन तबकड्या काढल्या आपण. कुणी हूं की चूं केलं नाही. त्या कशा काय नीट वाजल्या?

धाकटी : बरं झालं ना नीट वाजल्या ते.

दादा : धाकटे.

धाकटी : आपल्या तबकडीचा साचा कापतात त्या कटिंगवाल्यांचा फोन आला होता. पहिल्याच वेळी. म्हणाले, वरचं इतकं असेल तर तबकडी कापताना सुईचं डोकं तापतं, एकदा दादांशी बोलतो. मी म्हटलं, दादाशी नका बोलू. तुम्हीच तुमच्याकडे थोडं उतरवून घ्या.

दादा : आणि त्यानं उतरवलं.

धाकटी : हो.

दादा : तिन्ही वेळा?

धाकटी : तिन्ही वेळा. यंदा पहिल्यांदाच आपण नुसत्या फाइलीही विकणार. त्या त्यांच्या हातून जात नाहीत. मला कळत होतं हे. रोज ठरवायचे, आज सांगेन. मग वाटायचं, देवच काहीतरी मार्ग काढेल.

दादा : काढला की. दोन बस बदलून आला.

धाकटी : चेष्टा नको करूस रे.

दादा : चेष्टा कुठे करतोय? तबकडीच्या मागे माझं नाव छापतेस तू. शेवटचा हात म्हणून. तीनदा छापलंस. हात त्याचा होता. फोनवर तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलत होतात, आणि मी इथे बसून त्याला चिठ्ठ्या लिहीत होतो, 'एका बिंदूचाही फरक करू नका' म्हणून. काय वाटलं असेल त्या माणसाला?

धाकटी : ते एकदाच म्हणाले, उद्या माझंही होईल, तेव्हा मलाही असंच कुणी सांभाळून घ्यावं.

दादा : मला सांभाळून नाही घ्यायचं. मला सांगायचं होतं. तोंडावर. कान गेले त्याचा राग नाही गं, वय झालं, जायचेच. पण दीड वर्ष तू सकाळी चहा देताना मला विचारायचीस, काम कसं चाललंय? आणि मी सांगायचो. आणि तू मान डोलवायचीस.

धाकटी : मला भीती वाटली.

दादा : कसली भीती? मी मारणार होतो तुला?

धाकटी : खोलीत येणं बंद करशील, याची. वहिनी गेल्या तेव्हा तू जेवत नव्हतास, बोलत नव्हतास, दाढी करत नव्हतास. पण सकाळी उठून या खोलीत यायचास. मी ताट घेऊन इथेच यायचे. ही खोली सुटली तर तुला कुठे शोधायचं, ते मला माहीत नाही, दादा.

दादा : आणि आता मी येऊन करू काय इथे?

मास्तरीण : चहा. साखर कमीच घातलीये. मी बाहेर थांबू का अजून?

दादा : नको. ये. तुझे कान कुठवर जातात?

मास्तरीण : पंधरा हजारांच्या थोडं वर. माझ्या सातवीतल्या मुलांचे त्याहून वर.

दादा : मग बस या खुर्चीत आणि तूच कर. पावणेपाच होतायत. काय कुठे आहे, ते सांगतो.

मास्तरीण : मला नाही येणार ते.

दादा : शिक्षिका ना तू? शिक.

मास्तरीण : काका, वरचं सोडून बाकी काय केलंत, ते ऐकलंय मी. माझ्याकडे ठोका आणि बेस एकमेकांना खांद्यानं ढकलत होते. महिनाभर मी दोघांची भांडणं सोडवत होते. तुमच्याकडून आले ते शेजारी शेजारी बसून. कसं केलंत, ते मला अजून कळलेलं नाही. पंधरा हजार ऐकू आले म्हणून ते मला जमणार आहे का?

दादा : ते कानानं ऐकत नाहीत. बरगडीनं ऐकतात.

मास्तरीण : बरगडी शाबूत आहे ना?

दादा : जीभ फार चालते हिची.

मास्तरीण : खालचं तुम्ही करा. वरचं मी सांगते.

दादा : आज सांगशील. उद्या तुझे तास आहेत. पुढच्या महिन्यात परीक्षा. मला रोजचं माणूस हवं. धाकटे, तू बस.

धाकटी : मी?

दादा : तू. तिथे. बरोबर मधे.

धाकटी : मला यातलं काय कळतं, दादा? मी पाकिटं चिकटवते, पत्ते लिहिते. मला तर प्रोग्रेसिव्ह कुठे संपतं आणि ट्रान्स कुठे सुरू होतं, तेही समजत नाही.

दादा : ते ज्यांना समजतं, ते त्यावर मारामाऱ्या करतात. तुला समजायला नको. तेरा हजारांपर्यंत ऐकतेस, पुरे झालं. त्रास होतो की नाही, एवढंच सांगायचं. पण एक आहे. या खोलीत गोड बोलायचं नाही. बाहेर काय हवं ते बोल. देवाशी बोल, दुकानदारांशी बोल. इथे जे ऐकलंस, ते.

धाकटी : मला नाही जमायचं ते.

दादा : मग दुकानांना कळव, शुक्रवारी काही येत नाही. आणि जाताना दिवा बंद कर.

धाकटी : असं काय करतोस रे?

दादा : दुसऱ्यानं माझं काम लपून सुधारावं, त्यापेक्षा कुलूप बरं. तुला खोली सुटायला नको ना? मग बस.

मास्तरीण : बसा, ताई.

धाकटी : बसले.

दादा : मधली शांतता संपते, तिथून लावतो. ठोका परत येतो तिथून. बोल.

धाकटी : छान आहे.

दादा : काय आहे?

धाकटी : म्हणजे, चांगलंच आहे. तिथे जरासं, म्हणजे कुणाला वाटलं तर—

दादा : मास्तरीण, वायर काढ तुझी. झालं आपलं.

धाकटी : थांब! थांब, दादा. दात आंबतात.

दादा : कुठे?

धाकटी : दोन ठोक्यांच्या मधे ते 'छिस्' येतं ना, प्रत्येक वेळी. मागच्या दाढांपर्यंत जातं. मला उठून जावंसं वाटतंय.

दादा : हं. आता?

धाकटी : आंबतात.

दादा : आता?

धाकटी : थोडे कमी. पण अजून वाईट आहे. वाईट वाजतंय, दादा.

दादा : रडू नकोस, कानांना दडे बसतील. हे बघ, अजून उतरवलं. आणि आता?